रक्त कुणाचं चढवायचं

मिस्त्रींशी लग्न होऊन तिच्या डोक्यात पांढरे केस डोकावायला लागले, तरी घरात तिला सगळे ‘नवी वहिनी’च म्हणत. हे नाव नणंदेनं पाडलं होतं. नणंद मिस्त्रींची थोरली बहीण. पहिल्या वहिनीशी तिचं गूळपीठ होतं आणि भावाचा घटस्फोट झाला तरी तिनं ते मोडलं नाही. ती ‘मोठी वहिनी’ म्हणून ही ‘नवी’. एकदा हिनं विचारलंही होतं, “वन्सं, मी जुनी कधी होणार?”

“अगं, नवी म्हणजे चांगलंच की,” नणंद हसून म्हणाली.

तेव्हापासून हिनं विचारणं सोडून दिलं. पण ते नाव कानावर पडलं की आत कुठेतरी खुपायचंच.

नवी पडदे शिवायची. घराची तळमजल्यावरची पुढची खोली तिच्या कामाची. मोठं कापायचं टेबल, दोन मशिनी, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे. मिस्त्री लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करत. नवीशी लग्न व्हायच्या बऱ्याच आधी ते एका इमारतीत लिफ्टच्या शाफ्टमध्ये कोसळले होते. खुब्याचं हाड मोडलं, त्यात सळई घातली गेली, आणि त्या सळईच्या जोरावर त्यांनी पुढची सगळी वर्षं शिड्या चढण्यात काढली. आता खुबा पार झिजला होता. सकाळी ते जिना उतरायला लागले की खाली मशीन चालू असतानाही नवीला त्यांची एकेक पायरी ऐकू यायची. शेवटी सर्जननं सांगितलं, जुनी सळई काढून खुबा नवाच बसवायचा. मोठं ऑपरेशन, रक्त बरंच जाईल.

“पूर्वी कधी रक्त चढवलंय?” त्यानं विचारलं.

“हो, अपघाताच्या वेळी. पाच-सहा पिशव्या,” मिस्त्री म्हणाले. “त्यातली एक तर आमच्या हिनंच दिली होती.” मग शेजारी बसलेल्या बायकोकडे त्यांचं लक्ष गेलं. “म्हणजे, तेव्हाच्या हिनं.”

नवीनं पर्सची चेन उघडली आणि लावली. काढलं काहीच नाही.

परतताना बसमध्ये तिनं विषय काढला. “मला कधी बोलला नाहीत.”

“काय?”

“हेच. तिचं रक्त तुमच्या अंगात आहे ते.”

“आता कुठलं असायला? इतक्या वर्षांत ते कधीच गेलं असेल.”

“कुठे गेलं असेल?”

मिस्त्रींनी तिकिटं खिशात घातली. ते खिडकीबाहेर बघायला लागले. नवी मात्र त्यांच्या हाताकडे बघत राहिली. मनगटावरच्या निळ्या शिरा तिच्या रोजच्या ओळखीच्या होत्या. त्या दिवशी त्या तिला भाड्यानं दिलेल्या खोल्यांसारख्या वाटल्या, आपल्या आधी कुणीतरी राहून गेलेल्या.

मोठीला तिनं एकदाच पाहिलं होतं, तेही नणंदेकडच्या जुन्या फोटोत. मिस्त्री आणि मोठी एका वर्गात शिकलेले. दोघं एकमेकांना ‘तू’ म्हणायचे. नवी मात्र पहिल्या दिवसापासून ‘अहो’ म्हणत आली. मध्येच ‘तू’वर यायचं तर निमित्त सापडलं नव्हतं. भांडायचीसुद्धा ती ‘अहो’ म्हणूनच. आणि भांडणं काही कमी नव्हती. पंखा किती जोरात, चहात साखर किती, कात्री कुणी हलवली, यावरून दोघांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा.

रक्तपेढी इस्पितळाच्या मागच्या बाजूला होती. तिथल्या डॉक्टरीणबाई जाड, शांत आणि सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी मिस्त्रींच्या रक्ताची तपासणी करून घेतली आणि दोघांना समोर बसवलं. रक्तगट ओ निगेटिव्ह, आधीच दुर्मिळ. त्यात आणखी एक भानगड होती.

“गट सोडून रक्तात इतरही बारीकसारीक खुणा असतात,” बाई म्हणाल्या. “पूर्वी चढवलेल्या रक्तातली कुठलीतरी खूण यांच्या शरीराला परकी वाटली. तिच्याविरुद्ध यांच्या रक्तानं प्रतिकार तयार करून ठेवलाय. त्यामुळे आता यांना कुणाचंही ओ निगेटिव्ह चालणार नाही. ती खूण नसलेलं शोधावं लागेल.”

नवी पुढे सरकली. “म्हणजे तेव्हा दिलेलं रक्त त्यांच्या अंगाला पटलं नाही?”

“तसं म्हणा हवं तर.”

नवीला आतून इतकं हलकं वाटलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण आनंद काही आवरेना. तोंडानं माणूस काही बोलला नाही तरी अंग खोटं बोलत नाही, असं तिच्या मनानं घेतलं. मोठीच्या रक्ताला मिस्त्रींच्या अंगानं दारातच अडवलं होतं.

“माझं घ्या ना मग,” ती म्हणाली.

तिचं बोट टोचून पाहिलं गेलं. गटच वेगळा निघाला. “तुमचं त्यांना चालणार नाही,” बाई म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, हे वाक्य कुठे जाऊन बसलं ते. नणंदेचाही गट जुळत नव्हता.

मग बाईंनी दुसरा मार्ग सुचवला. ऑपरेशन ठरवून करायचं आहे, हाताशी महिनाभर आहे, तर मिस्त्रींचंच रक्त आधी काढून ठेवायचं. आठवड्याच्या अंतरानं दोन पिशव्या. मधल्या काळात शरीर नवं तयार करतं. ऑपरेशनच्या वेळी त्यांचंच त्यांना परत चढवायचं.

“हेच करायचं,” नवी म्हणाली. मिस्त्रींनी अजून तोंड उघडलं नव्हतं.

पहिली पिशवी घेतली तेव्हा ती खुर्चीशेजारी उभी होती. मिस्त्री हातातला रबरी चेंडू दाबत होते आणि छताला लावलेला पंखा तिरका फिरतोय, असं तिथल्या मुलीला सांगत होते. पिशवी भरली. वर त्यांचंच नाव चिकटवलं गेलं. नवीनं ते नाव दोनदा वाचलं. देणाराही तेच, घेणारेही तेच, मध्ये तिसरं माणूस नाही. तिला फार बरं वाटलं.

घरी आल्यावर तिनं कंबर कसली. बीट, पालक, खजूर, कडधान्यं, अंडी आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या. ताट बघून मिस्त्री म्हणायचे, “मी माणूस आहे की भंगाराचं दुकान? किती लोखंड कोंबतेस?”

“पुढच्या आठवड्यात दुसरी पिशवी द्यायचीय. खा मुकाट्यानं.”

“डोकं गरगरतंय मला.”

“पंख्याखाली बसू नका सारखं.”

ते खरंच पिवळे पडले होते. ओठ फिकुटले होते, दुपारी काम सोडून ते कापडाच्या ताग्यांना टेकून डुलक्या घ्यायला लागले होते. नवीला दिसत होतं, पण तिच्या डोळ्यांसमोर पेढीतलं ते शीतकपाट होतं. त्यात एका पिशवीशेजारी दुसरीची जागा रिकामी होती, आणि ती तिला भरायची होती. मोठीचं नाव कुणाच्याही ओठावर यायच्या आत.

दुसऱ्या खेपेला पेढीतल्या मुलीनं बोट टोचलं, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि बाईंना बोलावलं. हिमोग्लोबिन खाली गेलं होतं. रक्त घेता येणार नाही.

“थोडंच घ्या,” नवी म्हणाली. “अर्धी पिशवी.”

“पाण्याचा माठ आहे का तो, अर्धा ओतून घ्यायला?” बाई रागावल्या नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला. “यांच्या अंगात आहे ते राहू द्या. ऑपरेशनला तेही लागणार आहे.”

 मिस्त्रींनी शर्टाची बाही खाली केली आणि बटण लावायला त्यांना वेळ लागला.  नवीनं ते पाहिलं आणि पुढे होऊन बटण लावून दिलं.

ऑपरेशन पुढे ढकलावं तर काढलेली पिशवी तोवर बाद झाली असती. आणि सर्जन म्हणाला, सळईभोवतीचं हाड पातळ झालंय, एखादा धक्का बसला तरी मोडेल. बाईंनी आठवण करून दिली, “सर्जनच्या कागदावर आहे, मागच्या वेळी यांच्या तेव्हाच्या बायकोनं रक्त दिलं होतं ना? पाच-सहा जणांपैकी भांडण एखाद्याशीच झालेलं असतं. त्या बाईंचं जुळतंय का बघायला काय हरकत आहे?”

“त्या इथे नसतात,” नवी म्हणाली. मोठी याच शहरात, दुसऱ्या टोकाला राहत होती.

नणंदेनं घरी येऊन तोच सूर लावला. “मी विचारते मोठीला. ती नाही म्हणणार नाही.”

“नको, वन्सं.”

“अगं, पण—”

“नको म्हटलं ना.”

दोन दिवसांनी मिस्त्री जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरले. पडले नाहीत. कापायच्या टेबलाची कड त्यांच्या हाताला लागली. पण टेबलाला धरून ते तसेच उभे राहिले, डोळे मिटून, आणि कपाळावर घाम फुटला होता. नवीनं त्यांना खुर्चीत बसवलं. ते तिच्यावर ओरडले असते, पायरीवर चिंधी टाकलीस म्हणाले असते, तर तिला चाललं असतं. चिंधी होतीही. पण ते म्हणाले, “पाणी दे,” आणि तेवढंच.

त्या दिवशी तिनं ठरवलं. मागायचंच असेल तर नणंदेच्या तोंडून नाही. मी मागीन.

मोठीचं चष्म्याचं दुकान होतं. नवीनं आदल्या दिवशी केस रंगवले, इस्त्रीचे कपडे घातले आणि बसमध्ये बोलायचं सगळं पाठ केलं. दुकानाचं काचेचं सरकतं दार ढकललं तर ते घासत उघडलं. काउंटरमागची बाई मान वर न करता म्हणाली, “बसा, आलेच.” तिचे केस आखूड होते, सरळ पांढरे ठेवलेले, आणि ते तिला शोभत होते. नवीनं पाठ केलेलं सगळं पळालं.

“डोळे तपासायचेत,” ती म्हणाली.

मागच्या अंधाऱ्या खोलीत मोठीनं तिला खुर्चीत बसवलं, नाकावर जड चौकट ठेवली. समोर उजेडाच्या चौकोनात अक्षरं होती.

“काम काय करता?”

“शिवणकाम.”

“मग ताण येतच असणार.” मोठीनं चौकटीत एक काच सरकवली. “ही पहिली.” मग बदलली. “ही दुसरी. कुठली बरी?”

दुसरीतून अक्षरं भिजल्यासारखी दिसत होती.

“दुसरी,” नवी म्हणाली.

“बरं. आता ही पहिली. आणि ही दुसरी.”

“दुसरी.”

“आता?”

“दुसरीच.”

मोठीचा हात थांबला. “बाई, या खेपेला मी दोन्ही वेळा एकच काच घातली होती.” तिनं दिवा लावला, चौकट काढून घेतली आणि नवीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. “तू नवी ना?”

नवीचे कान तापले. “तुम्हाला कसं कळलं?”

“तुझ्या नणंदेच्या, ताईंच्या मोबाईलमध्ये फोटो पाहिलाय. आत आलीस तेव्हा नुसती शंका होती. पण इतक्या हट्टानं दुसरी-दुसरी करणारी आणखी कोण असणार?”

मला ‘तू’ म्हणायचा हिला परवाना कुणी दिला, असं नवीच्या मनात आलं. पण समोरची बाई हसत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. स्टूल ओढून समोर बसली होती.

“ऑपरेशन आहे त्याचं. ताई बोलल्या,” मोठी म्हणाली. “रक्त हवंय?”

“मी मागायला आले नव्हते,” नवी म्हणाली, आणि मग, “म्हणजे, मागायलाच आलेय.”

“देईन. आधी जुळतंय का बघू दे. फक्त एक, त्याला सांगायचं नाही.”

“त्यांना? का?”

मोठी थोडा वेळ काचांची पेटी लावत बसली. “अपघाताआधी आमची रोज जुंपायची. इस्पितळातून घरी आला, त्यानंतर मला एका शब्दानं उलट बोलला नाही. जो भेटायला येईल तो त्याला सांगायचा, हिच्यामुळे वाचलास बाबा. एक पिशवी दिली मी, बाकीच्या दुसऱ्यांनी दिल्या, पण नाव माझंच झालं. मग काय, मी म्हणेन ते बरोबर. मी मुद्दाम भाजीत दोनदा मीठ घातलं, तरी गुपचूप खाल्ली. घरात नवरा राहिला नाही, पाहुणा आला. पाहुण्याला किती दिवस सांभाळणार? शेवटी मीच म्हटलं, आपण मोकळे होऊ. त्यालाही ‘हो’ म्हणाला.”

नवी नाकावर चौकटीनं उठलेला वळ चोळत राहिली.

“ताई सांगतात, तुमची भांडणं कोपऱ्यावर ऐकू येतात.”

“कधीमधी.”

“पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन दिवस माझ्या तोंडाला चव नव्हती,” मोठी म्हणाली. एखाद्या गिऱ्हाइकाला नंबर सांगावा इतक्या सरळपणे म्हणाली.

हिला माझा हेवा वाटला, हे नवीच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. ध्यानात आलं तेव्हा तिला हसू आवरेना म्हणून तिनं पर्समध्ये रुमाल शोधला. तो आनंद बसस्टॉपपर्यंत टिकला. तिथे उभं राहिल्यावर तिला आठवलं, की ती बाई त्यांना ‘तो’ म्हणत होती, आणि आपण समोर बसून ते ऐकत होतो.

रक्त जुळलं. “यांच्याशी काही भांडण नाही त्यांचं,” बाई समाधानानं म्हणाल्या. नवीनं नुसती मान हलवली. त्यांच्या अंगानं अडवलं होतं ते दुसऱ्याच कुणाला. मोठीला त्यांनी तेव्हाही बिनतक्रार आत घेतलं होतं.

रक्त द्यायच्या दिवशी मोठीनं खुर्चीत बसताच तोंड भिंतीकडे फिरवलं. तिच्या गळ्याजवळची शीर उडत होती.

“भीती वाटते?” नवीनं विचारलं.

“सुईची. लहानपणापासून. बघू नाही शकत.”

“मग त्या वेळी कसं दिलंत?”

“त्या वेळी तो आत मरत होता. सुईकडे कोण बघतंय?”

 मिस्त्रींबरोबरच्या इतक्या वर्षांत नवीनं त्यांच्या तापात रात्री जागवल्या होत्या, पाय चेपले होते, औषधं आणली होती. पण असा एक दिवस तिच्या वाट्याला आला नव्हता. आपल्याला त्या अपघाताचाही हेवा वाटतोय, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची किळस आली. मोठीचा मोकळा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळलेला होता. नवीनं त्यावर आपला हात ठेवला. ठेवावासा वाटला म्हणून नाही, तिथे उभं राहून दुसरं काय करायचं ते सुचेना म्हणून. मोठीनं तो इतक्या जोरात धरला की नवीची बोटं दुखली.

“संपलं का?”

“होतंय. मी बघतेय ना.”

ती खरंच बघत होती. नळीतून गडद लाल धार सरकत होती आणि पिशवी हळूहळू फुगत होती. मिस्त्रींच्या पिशवीपेक्षा वेगळी दिसेल असं तिला उगाच वाटलं होतं. तशीच दिसली.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. मिस्त्रींची स्वतःची पिशवी आत थिएटरमध्येच चढवली. नवी आणि नणंद बाहेर बाकावर बसल्या होत्या. सर्जन बाहेर आला तेव्हा नणंदेनं आधी नवीचा दंड धरला आणि मग ऐकलं. खुबा छान बसला होता.

संध्याकाळी रक्त पुन्हा तपासलं तर कमी भरलं. परिचारिकेनं दुसरी पिशवी आणून सलाइनच्या स्टँडला टांगली. नणंद घरी गेली होती. नवी एकटीच पलंगाशेजारी खुर्चीत बसली आणि वरच्या चेंबरमध्ये पडणारे थेंब बघत राहिली. तिला वाटलं, उठावं आणि तो चाप बंद करावा. उठली मात्र नाही. आपण जागचं हललो तर खरंच काहीतरी करून बसू, या धाकानं ती लघवीलासुद्धा गेली नाही.

पिशवी निम्मी झाली तेव्हा मिस्त्रींच्या ओठांवर रंग आला. त्यांनी डोळे उघडले, वर पाहिलं.

“ही माझी?”

“तुमची आत संपली. ही पेढीनं शोधून दिली.”

“कुणाची?”

“नाव सांगत नाहीत ते.”

“चांगली आहे,” मिस्त्री पुटपुटले. “थंडी गेली.”

“थंडी चादरीनं गेली,” नवी म्हणाली. “दोन घातल्यात मी.” आणि तिनं ती चादर त्यांच्या हनुवटीपर्यंत ओढली.

घरी आल्यावर मिस्त्री चार दिवस शहाण्यासारखे वागले, पाचव्या दिवसापासून स्वभावावर गेले. वॉकर घेऊन चालायचे ते शिव्या घालतच. व्यायामाच्या वेळी कटकट, औषधाच्या वेळी कटकट. नवीचाही आवाज चढायचा. सगळं सुरळीत चाललं होतं.

दरम्यान नवीनं मोठीकडे जाऊन पुन्हा डोळे तपासून घेतले आणि तिचा चष्मा तयार झाला. या वेळी तिनं काचा खऱ्या सांगितल्या होत्या आणि सुईचं नेढं आता तिला आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. चष्म्याची डबी ती कपाटात आत ठेवायची. एक दिवस गिऱ्हाईक आलं म्हणून टेबलावर राहिली. मिस्त्री वॉकर टेकत आले, डबी उचलली आणि झाकणावरचं दुकानाचं नाव वाचलं.

“शहरात दुसरी दुकानं नव्हती?”

नवी पडद्याची कड दुमडून शिवत होती. तिनं मान वर केली नाही.

मिस्त्रींनी डबी उलटीसुलटी करून पाहिली. “रक्त तिचं होतं,” ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

“सांगू नका म्हणाल्या होत्या.”

मिस्त्रींनी डबी खाली ठेवली आणि आत गेले. त्या रात्री ते मुकाट जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहात मुद्दाम साखर घातली नाही. ते तसाच प्यायले. दुपारी तिनं त्यांच्या डोक्याशी दोन्ही मशिनी एकामागून एक चालवल्या. ते काही बोलले नाहीत. व्यायाम तर सांगायच्या आधी केला.  मोठीनं वर्णन केलेला पाहुणा नवीच्या घरात येऊन बसला होता, आणि तोही दुसऱ्या बाईच्या उपकाराखाली.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “एकदा जाऊन येतो तिच्याकडे.”

“मी पण येते,” नवी म्हणाली.

वॉकर जाऊन हातात काठी आली, तेव्हा कुठे निघता आलं. दोघं बसनं गेले. मिस्त्रींनी दुकानाचं दार ढकललं, ते घासत उघडलं. मोठी काउंटरमागे चष्म्याची दांडी बसवत होती. तिनं त्यांना पाहिलं, मग त्यांच्या पायाकडे पाहिलं.

“चालतोस की.”

“चालतोय.” मिस्त्रींनी घसा साफ केला. “मला म्हणायचं होतं—”

“आभार मानायला आला असशील तर आल्या पावली परत जा. एकदा पुरे झालं ते.”

 नवीला वाटलं, आता हे मान खाली घालतील. त्यांनी घातलीही, पण नजर गेली ती दाराच्या खालच्या रुळावर.

“हे दार घासतंय,” ते म्हणाले.

“काही घासत नाही. तुझा हात जड आहे.”

“माझा हात? रूळ बघ आधी. एवढा कचरा साचलाय. साफ करत नाहीस का कधी?”

“रोज झाडते. तुला दिसत नसेल तर आत ये, डोळे तपासते.”

“स्क्रूड्रायव्हर आण.”

मोठीनं चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर पुढे केला. “हा काय दात कोरायचा?” मिस्त्री म्हणाले, पण घेतला, स्टूल ओढलं, दारापाशी बसले आणि रुळाचा स्क्रू पिळायला लागले. मोठी वर उभी राहून सांगत होती की तो स्क्रू नाही, पलीकडचा. ते सांगत होते, की तीस वर्षं लिफ्टची दारंच बसवली मी. आवाज चढत गेले. एक गिऱ्हाईक दारापर्यंत आलं, आत काय चाललंय ते बघून निघून गेलं.

नवी चष्म्यांच्या फळीपाशी उभी होती. मिस्त्रींचा चेहरा तिला बाजूनं दिसत होता. कान लाल झाले होते, भुवया चढल्या होत्या. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. हा तिच्या घरातला चेहरा होता, पंख्यावरून आणि कात्रीवरून तिला मिळालेला. मोठीपुढे हे गप्प असतात, हे कळल्यापासून ती त्या एका गोष्टीवर निर्धास्त होती. रक्त दिलं-घेतलं त्याचं तिनं कसंतरी गिळलं होतं. हे मात्र गिळवेना.

“अहो,” ती म्हणाली, “पायावर ताण येतोय. उठा.”

“एक मिनिट.”

“उठ, ऐक तिचं,” मोठी म्हणाली.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर काउंटरवर ठेवला. काठी भिंतीला टेकवलेली होती, पण उठताना त्यांनी नवीच्या खांद्याला धरलं. तिनं ते लक्षात ठेवलं. मोठीनं दार उघडून धरलं आणि नवीला म्हणाली, “डोळ्यांना काही त्रास झाला तर ये.”

“येईन,” नवी म्हणाली, आणि यायचंच असं तिनं मनाशी ठरवलंही, एकटीनं.

रस्त्यावर ती त्यांच्या दोन पावलं पुढे चालत राहिली.

“काय झालं?” मिस्त्रींनी विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही कसं? तोंड बघ केवढं झालंय.”

“त्या दाराशी तुमचं एवढं काय अडलं होतं?” नवी म्हणाली. “आपल्या मोरीचं दार गेलं वर्षभर लागत नाही, ते दिसत नाही तुम्हाला?”

“लागत नाही कारण तू त्याच्यावर ओले टॉवेल टांगतेस.”

“मी? आणि तुमचे सदरे कुणी टांगले?”

बस येईपर्यंत ते चाललं, बसमध्ये चाललं, उतरून घराच्या दारापर्यंत चाललं. शेजाऱ्यानं खिडकी लावून घेतली. मिस्त्री दोन्ही पायांवर सारखा भार देऊन जिना चढून गेले आणि वरून आणखी एक उत्तर दिलं.

पुढच्या आठवड्यात नणंद आली. बोलता बोलता म्हणाली, मोठीच्या दुकानाचं दार अजून घासतंच आहे, मिस्त्रींनी अर्धवट सोडलं म्हणून ती कुरकुर करत होती. नवीनं हे ऐकून घेतलं, नणंदेला चहा दिला आणि मिस्त्रींना त्यातलं काही सांगितलं नाही.